सातशे बाराची तक्रार

लखन सरळ तिच्याच खुर्चीकडे येत होता.

ममतानं त्याला आधी चालण्यावरून ओळखलं, मग हनुवटीवरच्या भाजल्याच्या डागावरून. तिनं गॉगल नीट केला आणि समुद्राकडे तोंड केलं. क्रूझची बोट सकाळीच मलेशियातल्या लंगकावी बेटाच्या धक्क्याला लागली होती. प्रवाशांना संध्याकाळी पाचपर्यंत मोकळीक होती. पाणी हिरवं, शांत. तिच्या हातात शहाळं होतं. शेजारच्या आरामखुर्चीत ऑफिसातली मैत्रीण उर्वशी वाळूत पाय खुपसून पडली होती. दोघी एकाच केबिनमध्ये राहत होत्या.

तीन दिवसांपूर्वी, बोटीवरच्या पहिल्याच सकाळी, ममतानं केबिनचं दार उघडलं तर समोर तो टॉवेलांची चळत घेऊन उभा होता. छातीवर पाटी होती : लखन, भारत. घाटंजीजवळच्या गावात दोघांची घरं लागून होती, मधे फक्त कुडाची एक भिंत. दहावीपर्यंत दोघं एकाच वर्गात होती. पण पुण्याच्या ऑफिसात ममता नागपूरची होती. वडिलांचा कापसाचा व्यवसाय होता, असं ती बारा वर्षं सांगत आली होती. आई-वडील दुसऱ्यांच्या वावरात कापूस वेचत, हे तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं.

लखननं उर्वशीसमोर एकदा ‘काय वं ममता’ म्हटलं असतं की सगळं संपलं असतं. म्हणून त्याच दुपारी ती एकटीच बोटीच्या काउंटरवर गेली आणि केबिन आवरणारा माणूस बदलून मागितला. तिथल्या बाईनं कारण विचारलं. काहीतरी सांगणं भाग होतं.

"सामानाची उचकपाचक करतो," ममता म्हणाली.

संध्याकाळपासून दुसरा माणूस येऊ लागला. लखन पुन्हा दिसला तो आज, असा समोरून चालत येताना. अंगात साधा टी-शर्ट, हातात चपला.

"नमस्कार, ताई. सातशे बारा नंबरची केबिन तुमचीच न?"

"हो," उर्वशी उठून बसली. "तुम्ही महाराष्ट्रातले?"

"हो. तुम्हाला मराठी बोलताना ऐकलं होतं, म्हणून हिंमत केली. ड्यूटी नसताना प्रवाशांशी बोलायची आम्हाला मनाई आहे." तो ममताकडे वळला. बोलता बोलता त्याची मराठी गावाकडे घसरली. "तुमच्या केबिनमधून माह्यी तक्रार आली, ताई. सामानाले हात लावतो म्हणून. मले खाली धुलाईत टाकलं. पुढच्या महिन्यात करार संपून राह्यला. हा डाग राह्यला तर मले कोनतीच बोट घेनार नाई. माह्यं काय चुकलं, तेवढं सांगा न."

ममता त्याच्याकडे बघत राहिली. त्याच्या डोळ्यांत ओळख नव्हती. बावीस वर्षं झाली होती. तिचे केस कापलेले होते, अंग भरलं होतं, केबिनच्या यादीत सासरचं आडनाव होतं. त्यानं तिला ओळखलंच नव्हतं. पहिल्या दिवशीही नाही.

"आम्ही कुठे तक्रार केली?" उर्वशी म्हणाली. "काहीतरी घोळ झालाय. हो ना गं?"

ममतानं शहाळ्यातली नळी उगाच फिरवली.

उर्वशीलाच अवघडल्यासारखं झालं. विषय बदलावा म्हणून तिनं विचारलं, "तुम्ही कुठले?"

"यवतमाळ जिल्हा. घाटंजीपाशी." तशातही त्याचा चेहरा खुलला. "लहान गाव हाये, ताई, पन आमच्या गावची एक पोरगी पुन्यात मोठी साहेब हाये. माह्याच वर्गातली. तिची माय न माह्यी माय एकाच वावरात कापूस वेचाले जाये. दिव्याखाली बसून शिकली ते. इथं बोटीवर फिलिपिनो पोरं हायेत, त्याईलेबी मी तिचं सांगतो. ममता नाव तिचं."

"अय्या!" उर्वशी हसली. "ही पण ममताच!"

लखन हसत वळला. मग त्याचं हसू थांबलं. तो तिच्या गालांकडे, कपाळाकडे, गॉगलच्या काळ्या काचांकडे बघत राहिला. ममतानं गॉगल काढला नाही. आता तो नाव घेणार, असं तिला वाटलं. तिला पळून जावंसं वाटलं, आणि त्यानं नाव घ्यावं असंही वाटलं.

त्यानं मान खाली घातली.

"नाई, मॅडम," तो म्हणाला. आतापर्यंत तो ताई म्हणत होता. "ह्या वेगळ्या. आमची ममता असं नाई करनार."

चपला हातात घेऊन तो आला तसा वाळूतून निघून गेला. धक्क्याच्या रस्त्याला लागेपर्यंत त्यानं मागे वळून पाहिलं नाही.

"बिचारा," उर्वशी म्हणाली. "कुणी केली असेल गं तक्रार?"

ममतानं गॉगल काढला. तिचे डोळे भरले होते आणि ते लपवायची तिला आता लाज वाटली. तिनं शहाळं वाळूत ठेवलं आणि पिशवी खांद्याला लावली.

"कुठे निघालीस? पाचपर्यंत वेळ आहे."

"बोटीवर. तक्रार मागे घ्यायला. मीच केली होती."

उर्वशी तिच्याकडे बघतच राहिली. "तू? अगं पण का? काय केलं त्यानं?"

"काही नाही केलं," ममता म्हणाली. "तो माह्या गावचा हाये."