टाचेवरचं काजळ

टेम्पो दारात उभा राहिला तरी भारतीच्या तोंडून खरं काही निघेना. नवऱ्याला, पंकजला, मौदा गावी नोकरी लागली होती. खोली रिकामी झाली होती. आणि घरमालकीण पंचफुलाबाई भारतीच्या दीड वर्षाच्या लेकीला मांडीवर घेऊन "माही मयुरी, माही मयुरी" करत बसली होती.

मयुरी म्हणजे पंचफुलाबाईची एकुलती एक पोर. उमरेडला असताना गेली. मग हातमाग विकून नवराबायको नागपुरात आले. फोटोला हार घातलेला. मयुरीचं नाव निघालं, की पंचफुलाबाईचे यजमान जागेश्वरकाका चप्पल घालून बाहेर पडत. बापाचं दुःख, दुसरं काय, असं भारती म्हणे. पंचफुलाबाईने तर अन्नच टाकलं होतं. एकदाच काय ती बोलली, "जाळाच्या आधी डाव्या टाचेले काजळ लावलं म्या. तेच खूण घेऊन माणूस परत येते म्हणते वं."

भारतीचा जीव कळवळला. लेक झाली तशी तिने काजळाचं बोट हळूच तिच्या टाचेवर टेकवलं. बस्स! त्या दिवशी पंचफुलाबाई दोन पोळ्या जेवली. मग काय, रोज आंघोळ झाली की खोटं पुन्हा नव्याने लावायचं.

पण आता निघायचं होतं. बिचारीला वाटणार, पोर दुसऱ्यांदा गेली. ते पाप भारतीला नको होतं.

"मावशी, ते काजळ मीच लावत होती." तिला रडूच फुटलं. "तुमचे हाल पाहावले नाही जी. हे तुमची मयुरी नोहे."

पंचफुलाबाईने बाहेर पाहिलं. जागेश्वरकाका पंकजसोबत टेम्पोत सामान लावत होते.

"ठाऊक हाये मले," ती हळूच म्हणाली. "पण या घरात तोंड भरून तिचं नाव घ्याले मले दुसरा कोणता बहाणा होता वं?"

"म्हणजे?"

"ह्याइनं जाळली ते कणकेची बाहुली होती. पोरीनं जातीबाहेर लगन केलं, तं बापानं तिची तेरवी उरकली." पंचफुलाबाईने लेकराला भारतीच्या कडेवर दिलं. "मयुरी जिती हाये, भारती. वाडीले राहते, इथून अर्ध्या घंट्यावर."