चौदा मीटर

रस्त्यावरचा ओरखडा चौदा मीटर लांब होता. कुमुदने तो तीनदा मोजला. तिन्ही वेळा फरक बोटभराचा. तिच्या मुलाची, अथर्वची, गाडी ई-रिक्षात घुसली तिथे तो सुरू होत होता. एकमेकींत अडकलेल्या दोन्ही गाड्या थांबल्या तिथे संपत होता.

मोजायला नवऱ्यानेच सांगितलं होतं. "तू फिजिक्सवाली. नकाशा तूच काढ. आकडे दिसले की पोलीस वाद घालत नाहीत," सुधाकर म्हणाला होता. त्याच्या मंत्रालयात टिपणाला तक्ता जोडला की फाइल पुढे सरकायची.

त्याला सोळा दिवस झाले. सोळा दिवस कुमुद गणित मांडत होती. रस्ता गुळगुळीत धरला, गाडी जड धरली, रिक्षा हलकी धरली. गाडीचा वेग ताशी चाळीस काही येईना.

आज सब-इन्स्पेक्टर मलिक राजधानीत, आर. के. पुरमच्या त्यांच्या सरकारी क्वार्टरमध्ये चहा घेत बसले होते. जबाब तयार होता: अथर्वचा वेग चाळीस, रिक्षा उलट्या दिशेने समोरून आली. म्हणजे गुन्हा रिक्षावाल्या रामसजनवर. त्याचा एक पाय गुडघ्याखाली कापावा लागला होता. अथर्वला पुढच्या महिन्यात सरकारी नोकरीत रुजू व्हायचं होतं. फक्त नकाशा जोडायचा राहिला होता.

"दे ना तो कागद," सुधाकर मराठीत म्हणाला. मलिकना मराठी कळत नव्हती.

"जुळत नाही. रिक्षा समोरून आली असती तर तिने गाडीचा जोर खाल्ला असता. चाळीसच्या वेगात दोन्ही साडेतीन मीटरवर थांबल्या असत्या."

"मग पन्नास लिहू."

"समोरून आली म्हणालात तर बहात्तर लागतो."

सुधाकरने मलिककडे बघून हसून घेतलं. "बिस्किट लीजिए ना, सर." मग खालच्या आवाजात, "आणि उभी होती म्हटलं तर?"

"त्रेसष्ट." कुमुदने त्याच्याकडे पाहिलं. "उभीच होती ती. तुम्हालाही माहीत आहे."

"आई आहेस की परीक्षक? स्वतःच्या पोराचे मार्क कापायला बसलीयस!" तो अजून हसतच होता. कपाळावर घाम होता.

अथर्व आतल्या दारात उभा होता. सोळा दिवसांत त्याची दाढी वाढली होती. "आई, प्लीज यार. फाड तो कागद. मी कसा जगू?"

कुमुदने कागद छातीशी धरला. इतक्या दिवसांत ते एकच गणित तिला सुटलं नव्हतं.

मलिकनी कप खाली ठेवला. "मैडम, नक्शा दे रही हैं? तो मैं फाइल बंद करूँ."

मराठीत बोलण्यासारखं आता काही उरलं नव्हतं.

"बंद मत कीजिए," कुमुद म्हणाली. "रिक्शा खड़ी थी. केस मेरे बेटे पर बनाइए."