सरपंचबाईंची डिजिटल सही

"मी, रंभा..." एवढं बोलून रंभाबाई पुन्हा गप्प झाल्या. स्क्रीनवरचा लाल ठिपका लुकलुकत राहिला. वेळ संपली आणि व्हिडिओ आपोआप बंद पडला.

तेजरामच्या कपाळाची शीर ताठली. साकोलीच्या या ऑनलाइन सेंटरमध्ये दुपारपासून हेच चाललं होतं. सरपंच त्याची बायको होती, पण गाव 'सरपंच' म्हणून रामराम घालायचं ते त्यालाच, आणि ते त्याच्या चांगलंच अंगवळणी पडलं होतं. आजवर तो बोट ठेवील तिथं ती सही करायची. काम फत्ते! आता फॉर्म ऑनलाइन झाले होते. तलावाच्या पाळीतून मुरूम काढायला ग्रामपंचायतीची हरकत नाही, असा फॉर्म तयार होता. पण सरपंचाच्या नावाचं डिजिटल सर्टिफिकेट असल्याशिवाय तो सहीच घेईना. आणि ते मिळायला सरपंचानं स्वतः व्हिडिओत नाव सांगून हमी द्यायची होती. एकदा सही झाली की फॉर्मला कुलूप, मग त्यातली वेलांटीही कोणाला बदलता येणार नव्हती. ठेकेदार वीरेंद्रला त्यानं आजचा शब्द दिला होता. खिशातला फोन सारखा थरथरत होता.

"पाळ खणल्यावर पाणी थांबन कुठं?" असं रंभाबाई एकदा म्हणाल्या होत्या. "तुले काय समजते त्यातलं," म्हणून त्यानं विषय मिटवला होता.

"काकू, हा शेवटचा चान्स हाय," सेंटरवाली मनाली म्हणाली. "आता हुकलं तर अर्ज रद्द. पयलेपासून करा लागन." बोलायचा मजकूर तिनं मोठ्या अक्षरांत लिहून समोर ठेवला होता.

तेजरामच्या डोक्यात एकदम उजेड पडला. नाव! लग्न झाल्यापासून बायकोनं त्याचं नाव कधी तोंडानं घेतलं नव्हतं. गाडी अडली होती ती तिथंच. एवढ्या रागातही त्याला गुदगुल्या झाल्या.

"अवं, घे न माहं नाव," तो मऊ आवाजात म्हणाला. "मीच म्हणून राहिलो न. कायले लाजून राहिली?"

रंभाबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. मग कागदाकडे. पदर सारखा केला. लाल ठिपका पेटला.

"मी, रंभा तेजराम लांजेवार, सरपंच. हे सर्टिफिकेट माझं आहे. ते मी स्वतःच वापरीन. त्याचं डोंगल आणि पासवर्ड कोणालाही देणार नाही."

"झालं, काकू!" मनालीनं टाळी वाजवली.

तेजरामचा जीव भांड्यात पडला. तो फोन घेऊन बाहेर पळाला. "हो वीरेंद्रभाऊ, बस, सही करूनच राहिलो!" तो परत आला तोवर मंजुरी आली होती, सर्टिफिकेट सही करताना कॉम्प्युटरला लावायच्या बोटाएवढ्या डोंगलात उतरलं होतं आणि रंभाबाईंनी पासवर्डही घालून टाकला होता.

त्यानं हात पुढं केला. "आण इकडं."

रंभाबाईंची मूठ वळली. "नाई."

त्याला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. "अवं, आता काय? नाव घेतलं न एकदाचं?"

"नाव तर मी कवाच घेतलं असतं," रंभाबाई म्हणाल्या. "त्याच्या पुढचं वाक्य खरं करायची हिंमत जमवून राहिली होती."