मागच्या सीटवरचं वजन

"मंग मागं बसन कोण?" चंद्रभान मिस्त्रीनं विचारलं आणि सगळ्यांनी एकदम दुसरीकडे पाहिलं.

शर्यत सुरू व्हायला फारसा वेळ उरला नव्हता. नागपूरबाहेरच्या, लढाईच्या काळातल्या जुन्या धावपट्टीवर चुन्याच्या रेघा मारून वळणं आखली होती. सुरुवातीच्या रेघेजवळ मनोहरराव संत्रेवाल्यांची सात वर्षांपूर्वी घेतलेली फियाट उभी होती आणि ती चालवणार होती त्यांची सून, प्रमोदिनी. बोली साधी होती. जिंकली तर यापुढे गाडी तिनं चालवायची. हरली तर किल्ली मनोहररावांच्या खिशात, कायमची. मनोहररावांनी ही बोली चार लोकांसमोर केली होती, कारण ती हरणार याबद्दल त्यांना तिळमात्र शंका नव्हती.

टायरांवरून सकाळीच वाजलं होतं. शर्यतीसाठी म्हणून मनोहररावांनी खोल नक्षीचे कोरे टायर आणले होते. त्यांना हळदकुंकू वाहिलं होतं, चाकांखाली लिंबंही चिरडून झाली होती. प्रमोदिनीनं ते उतरवले आणि जुने, झिजलेले चढवले. जमीन कोरडी, डांबरी, वरून ऊन. अशा ठिकाणी नव्या टायरची उंच नक्षी वळणावर लवते आणि गाडी हातातून जाते. झिजलेला टायर जमिनीला धरून राहतो. अमरावतीला वडिलांची टॅक्सी चालवता चालवता ती हे शिकली होती. सासऱ्यांना मात्र तो पूजेचा अपमान वाटला.

"घासलेल्या चपला घालून लग्नाले चालली," ते म्हणाले. "लोक हासतीन."

लोक हसलेही. प्रमोदिनीनं हसू दिलं.

टायर बदलता आले, स्प्रिंगा काही बदलता येईनात. मागच्या सीटवर संत्र्याच्या पेट्या वाहायच्या म्हणून मनोहररावांनी मागच्या स्प्रिंगांत दोन्ही बाजूंना जादा पाटे घालून घेतले होते. पेट्या भरल्या की गाडी शहाण्यासारखी चालायची. रिकामी असली की तिचं मागचं अंग बेडकासारखं उडायचं. सकाळच्या सरावात ते वळणावर असं उडालं, की गाडी थेट गवतात गेली. पाटे काढावेत तर बोल्ट गंजून बसलेले. चंद्रभाननं जोर लावला, बोल्टांची डोकी गोल झाली, पाटे जागचे हलले नाहीत. आता मागं वजन टाकणं एवढाच उपाय होता. पेट्या ठेवायला पंचांनी मनाई केली. सुटं सामान नको, माणूस बसला तर चालेल, असं त्यांचं म्हणणं.

"मी बसलो असतो," चंद्रभान म्हणाला, "पण माह्यं आत्ताच लगन जमलं."

प्रमोदिनीच्या नवऱ्यानं, ताराचंदनं, वडिलांकडे पाहिलं आणि रुमालानं बोनेट पुसायला घेतलं. बोनेट स्वच्छच होतं.

तेवढ्यात रंभाबाई पुढे आल्या. मनोहररावांची बायको, प्रमोदिनीची सासू. अंगानं चांगल्या भारदस्त. सुनेच्या गाडी चालवण्याला त्यांनी घरात एकदाही बरं म्हटलं नव्हतं. नवरा बोलायचा आणि त्या गप्प बसायच्या, म्हणून सगळे त्यांना नवऱ्याच्याच बाजूच्या समजत.

"वजनच पायजे न?" पदर खोचत त्या म्हणाल्या. "मी आहो."

मनोहरराव मनातून खूश झाले. पाठीमागं सासू बसल्यावर सून काय खाक गाडी हाणणार. "बस वं, बस," ते म्हणाले आणि त्यांनी स्वतः दार उघडून दिलं.

झेंडा पडला. पहिलं वळण आलं आणि प्रमोदिनीनं आरशात पाहिलं. सासूबाईंनी डोळे घट्ट मिटले होते, पुढची सीट दोन्ही हातांनी आवळून धरली होती. प्रमोदिनीचा पाय आपोआप ब्रेकवर गेला. एक अँबेसेडर पुढे गेली. पाठोपाठ एक हेरल्ड गेली. संपलं, तिला वाटलं, आणि चालत्या गाडीत तिला रडू आलं.

"माह्याकडं काहून पाहून राहिली?" मागून आवाज आला. "समोर पाहा. अन् दाब."

प्रमोदिनीनं दाबलं.

पुढच्या वळणावर मागची चाकं उडाली नाहीत. रंभाबाई कुही गावाकडच्या, बैलांच्या छकड्यात वाढलेल्या. वळण आलं की आतल्या अंगाला झुकायचं, हे त्यांना कुणी सांगावं लागलं नाही. प्रमोदिनी गाडी वळवायची आणि रंभाबाई त्याच बाजूला सरकायच्या. झिजलेले टायर किंचाळत होते, पण सुटत नव्हते. हेरल्ड आपल्या कोऱ्या टायरांवर वळणाबाहेर घसरली, तिला त्यांनी आतून गाठलं. अँबेसेडर शेवटच्या वळणापर्यंत पुढे होती. तिथं तिच्या चालकानं ब्रेक मारला आणि प्रमोदिनीनं मारला नाही. रेघ ओलांडली तेव्हा फियाट एका गाडीच्या लांबीनं पुढे होती.

काय आरडाओरडा झाला. चंद्रभाननं टोपी उडवली, ती परत हाती लागली नाही. ताराचंद धावत आला आणि चार लोकांदेखत त्यानं बायकोचा हात हातात घेतला. प्रमोदिनी हसत होती आणि डोळे पुसत होती. इतकं मोकळं तिला लग्न होऊन या घरात आल्यापासून कधी वाटलं नव्हतं.

मनोहरराव मात्र मागच्या दाराशी गेले. रंभाबाई अजून उतरल्या नव्हत्या. ऐसपैस मांडी घालून बसल्या होत्या.

"तू त माह्या बाजूची होती," ते चिडून म्हणाले. "काहून बसली वं?"

रंभाबाईंनी सीटवरून सावकाश हात फिरवला.

"किल्ली तुमच्या खिशात होती तोवर इथं संत्रेच बसले," त्या म्हणाल्या. "सात वर्सांत मी आज पयल्यांदा बसली."