नववा पट्टा

अशी कल्पना करा, की तुम्ही एका ट्रकच्या केबिनमध्ये बसला आहात. इतक्या उंचावर, की खालून जाणाऱ्या माणसांचे चेहरे दिसत नाहीत, नुसती हेल्मेटे दिसतात. मागे भिंती नाहीत, छप्पर नाही. टेबलासारखा सपाट, लांबलचक ट्रेलर आहे. त्यावर वीस टन लोखंडी पाइप रचलेले आहेत. ते जागेवरून हलू नयेत म्हणून काय आहे? नऊ पट्टे. बस्स.

बसलात? मग थोडे सरका. शेजारी एक आठ वर्षांची मुलगी बसली आहे. शाळेला सुट्टी आणि घरी कोणी नाही, म्हणून ती आईबरोबर आली आहे. ट्रक तिची आई चालवते. मुलीला जे दिसेल ते मोजायची खोड आहे: जिन्याच्या पायऱ्या, विजेचे खांब, समोरच्याच्या शर्टाची बटणे. आई तिला मोजणीबाई म्हणते. कारखान्याच्या आवारात मुलांनी खाली उतरायचे नाही, म्हणून ती केबिनमध्ये चित्र रंगवते आहे आणि कानांनी मोजते आहे.

खाली आई एकेक पट्टा आवळते आहे. ट्रेलरच्या कडेला पट्टा गुंडाळणारी चकरी असते; तिच्यात लोखंडी दांडा घालायचा, अंगाचा सगळा भार टाकून तो खाली दाबायचा, आणि शेवटी त्याच दांड्याने पट्ट्यावर एक टोला द्यायचा. पट्टा घट्ट असला तर टण्ण वाजतो. सैल असला तर भद्द.

टण्ण. पाच.

"ताई, ट्रक भरताय की पाळणा बांधताय?" क्रेनवाला वरून ओरडतो.

"पाळणाच आहे, दादा. बाळ तेवढं वीस टनांचं आहे."

खालचे दोघे-तिघे हसतात. सुपरवायझर हसत नाही. मागच्या खेपेला आईने बांधायला वेळ लावला, म्हणून त्याने तिच्या मालकाला फोन केला होता. आज सकाळीच त्याने सांगून ठेवले आहे: बाराच्या आत गाडी गेटबाहेर गेली नाही, तर पुढच्या खेपेपासून दुसरा ड्रायव्हर. मागे दोन ट्रक ताटकळत उभे आहेत. बाराला दहा मिनिटे आहेत.

टण्ण. आठ.

"अहो बाई, या इकडे, सह्या करून टाका," सुपरवायझर कागद घेऊन येतो. आई जाते, ट्रेलरच्या कडेवर कागद ठेवून सह्या करते, पळतच केबिनमध्ये चढते. इंजिन सुरू होते.

मुलीचा रंगाचा खडू थांबतो. पट्टे आठच वाजले होते.

सुपरवायझर खिडकीखालीच उभा आहे. आत्ता बोलावे तर त्याला ऐकू जाणार. गेटबाहेर गेल्यावर सांगितले तर? पण गेटबाहेर लगेच उतार आहे, येताना तिने पाहिला आहे.

आईचा हात गिअरवर जातो.

"आई, नववा पट्टा वाजला नाही."

"घ्या!" सुपरवायझर म्हणतो. "आता ही चिमुरडी आमचा माल तपासणार."

आई मुलीकडे पाहते. मग इंजिन बंद करते आणि खाली उतरते.

भद्द.

तो आवाज सगळ्यांना ऐकू जातो. मागचा ट्रकवाला हॉर्नवर हात ठेवतो तो काढतच नाही. आई चकरीत दांडा घालते. एक वेढा. दोन. अडीच. टण्ण.

सुपरवायझर घड्याळ पुढे धरतो. "बारा वाजून चार मिनिटं. झाली ना शोभा? पोटच्या पोरीनं चारचौघांत चूक काढली."

"इथं निघाली ते बरं झालं, साहेब. उतारावर निघाली असती तर मोजायला आपण कोणी नसतो," आई म्हणते. "लिहा चार मिनिटं. माझ्या नावावर लिहा."

तो लिहितो.

गेट जाते, उतार जातो. बराच वेळ मुलगी खिडकीबाहेर पाहत राहते. आज ती खांब मोजत नाही.

"तुझी इथली खेप गेली का गं, आई?"

"गेली बहुतेक."

"मी बोलले म्हणून?"

"नाही. मी पट्टा वाजवला नाही म्हणून. तू कशाला ओझं घेतेस? वीस टन पुरे आहेत."

मुलीला थोडे हसू येते.

तासाभराने आई ट्रक रस्त्याकडेच्या मोकळ्या जागेत घेते. हादऱ्यांनी पाइप बसतात आणि पट्टे ढिले पडतात, म्हणून पहिल्या तासानंतर थांबून ते पुन्हा तपासावेच लागतात. हे काम आईचे. पण आज ती दार उघडते आणि म्हणते, "चल, उतर. दांडा जड आहे, दोन्ही हातांनी धर."

मुलगी दांडा उचलते. टण्ण. टण्ण. तिसऱ्या पट्ट्यापाशी मात्र आवाज ना धड टण्ण, ना धड भद्द. ती पुन्हा मारते. पट्ट्याला कान लावते. मग आईकडे पाहते. आई हाताची घडी घालून नुसती उभी आहे.

मुलगी तिसऱ्यांदा टोला मारते, ऐकते, आणि दांडा आईच्या हातात देते.

"अजून अर्धा वेढा," ती म्हणते.