बारा ट्यूबा

"महिन्यापूर्वी आपल्या दवाखान्यातून जेलच्या तीस ट्यूबा नेल्यात, मालनबाई. वापरलेल्या, उरलेल्या, सगळ्या परत आणायच्या असतात. या अठराच आहेत. बाकीच्या बारा?"

त्यांनी पिशवी उलटी करून झटकली. "लेकीला दिल्या. नुकतंच लग्न झालंय तिचं. जावई बोअरच्या गाडीवर असतो, चार-चार महिने बाहेर."

मी कपाळावर हात मारला. हे सगळं चार वेळा समजावून झालं होतं. "अहो, संबंधाआधी हे जेल आत लावलं, तर एचआयव्ही अडतो का, हेच तर अजून तपासतोय आपण! त्यातही तुलनेसाठी निम्म्या बायकांच्या ट्यूबांत औषधच नाही, नुसतं जेल. तुमच्या ट्यूबांत काय आहे, हे मलाही सांगत नाहीत. आणि तुम्ही खुशाल पोरीला देऊन मोकळ्या!"

"चुकलं, ताई. मग तिला काय देऊ, ते तुम्हीच सांगा."

मी तणतणत खण उघडला आणि निरोधची पाकिटं टेबलावर आपटली. "ही द्या!"

मालनबाईंनी त्यांना हातही लावला नाही. "हे घालायचं का न्हाई, ते जावई ठरवणार. लेकीनं एकदा विषय काढला, तर 'माझ्यावर संशय घेतीस व्हय' म्हणून कानाखाली वाजवली तिच्या. त्याला न विचारता तिला वापरता येईल, असं काही आहे का तुमच्याकडं?"

खण अजून उघडाच होता. त्यात दुसरं काही नाही, हे पंधरा वर्षांच्या नोकरीत मला पाठ झालं होतं. तरी मी वाकून आत बघत राहिले.