वनमालाबाईंची शपथ

"शपथ घे," मार्तंडराव दारातूनच म्हणाले. "तुळजाभवानीची."

वनमालाबाईंनी देव्हाऱ्याकडं हात जोडले. "घेते. तुमच्या अंगाला कसलाही वास येत नाही."

मार्तंडराव मुरुमच्या शाळेत गणित शिकवत. चार वर्षांपूर्वी, अठ्ठावन सालच्या उन्हाळ्यात, वर्गात कुणीतरी खिडकी उघडली आणि आपल्या अंगाला कुजका वास येतो असं त्यांच्या मनानं घेतलं. तेव्हापासून ते दिवसातून चार वेळा आंघोळ करत, पडवीत एकटेच जेवत, तिथंच झोपत. वनमालाबाई ताट उंबऱ्यावर ठेवत आणि आत बसून राहत. नवऱ्याशेजारी बसून दोन घास खावेत, एवढंच त्यांना हवं होतं.

सोलापूरच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं होतं, "वास नाही, भास आहे. त्यावर आता गोळ्या निघाल्यात."

मार्तंडरावांना ते पटलं नव्हतं. "लोक तोंडावर खोटं बोलतात. डॉक्टरसुद्धा. पण तू देवीची खोटी शपथ घेणार नाहीस."

त्यांनी पहिली गोळी गिळली.

पंधरा दिवस नुसती झोप. तोंडाला कोरड, हाताला कंप. फळ्यावरचे आकडे वाकडे येऊ लागले. "बंद करतो," असं ते म्हणाले, की वनमालाबाई पुन्हा देव्हाऱ्यापुढं उभ्या राहत.

एकदा त्या चुलीपाशी असतानाच दूध करपलं. मार्तंडराव पडवीतून धावत आले. "लक्ष कुठंय तुझं?"

"तुमच्याकडंच."

दुसऱ्या महिन्यात आंघोळी दोनवर आल्या. तिसऱ्या महिन्यात त्यांनी शाळेत सगळ्या मास्तरांबरोबर बसून चहा घेतला. आणि एका संध्याकाळी ते आपला पाट घेऊन आत आले. बायकोच्या पाटाला लागूनच मांडला.

वनमालाबाईंच्या हातातली पळी तशीच राहिली.

"चार वर्षं वाया गेली गं," ते म्हणाले. "तुझं आधीच ऐकायला हवं होतं." मग जरा लाजतच त्यांनी विचारलं, "आता खरं सांग. कसा येतो माझ्या अंगाचा वास?"

वनमालाबाईंनी त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं. डोळे मिटून खोल श्वास घेतला, पुन्हा एकदा घेतला.

"चांगला येतो," त्या म्हणाल्या.

वयाच्या सातव्या वर्षी विषमज्वरातून उठल्यापासून वनमालाबाईंना कशाचाच वास येत नव्हता.